तळघरातला मुका रातकिडा

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेले आईवडील कधी कधी एका किड्याचा फोटो पाठवून विचारतात, ‘डॉक्टर, हा विषारी तर नाही ना?’ पाठीला उंटासारखे कुबड, कोळ्यासारखे लांब पाय आणि अंगापेक्षा लांब मिशा. तळघरात दिवा लावावा, तर हा अंगावरच उडी घेतो. घाबरायला होणारच.

तो विषारी नाही. त्याला नांगी नाही, तो रक्त शोषत नाही आणि रोग पसरवणाऱ्या कीटकांत त्याची गणना होत नाही. उडी म्हणजे हल्ला नव्हे; समोरच्याला दचकवून निसटण्याची ती युक्ती.

हा आपल्या रातकिड्याचा दूरचा भाऊबंद. आपला रातकिडा पंख घासून किरकिरतो आणि पुढच्या पायांवरच्या कानांनी ऐकतो (हो, त्याचे कान पायांवर असतात!). याला ना पंख, ना ते कान. त्याच्या घराण्यातले अनेक जण गुहांत राहतात. केंटकीतील मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा. तिथला गुहावासी रातकिडा दिवसा आत छताला चिकटून बसतो, रात्री बाहेर जाऊन तडस लागेपर्यंत खातो आणि परतून कित्येक दिवस ते पचवत राहतो. अंधारात झाडे उगवत नाहीत. त्यामुळे त्याची विष्ठा हेच गुहेतल्या अनेक बारीक जिवांचे अन्न ठरते. मादी वाळूत अंडी घालते, तर तिथला एक आंधळा भुंगेरा वाळू उकरून ती खातो. हा रातकिडा नाहीसा झाला, तर कितीतरी जीव उपाशी मरतील.

घरांतला बहुधा वेगळा असतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी नागरिकांकडून फोटो मागवले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत घरांतले बहुतेक किडे स्थानिक नव्हे, तर आशियातून आलेल्या जातीचे निघाले. हरितगृहांत आढळणारी ही जात. तिला हवा असतो अंधार आणि ओल, कारण कोरड्या हवेत तिच्या अंगातले पाणी झपाट्याने उडून जाते.

डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती त्या ओलीची. किडा हे लक्षण, ओल हा आजार. ओलसर तळघरात बुरशी धरते, धुळीतले सूक्ष्म माइट वाढतात आणि दोन्हींमुळे दमा बळावतो. अशा बंद खोलीत कीटकनाशक फवारले, तर दमेकऱ्याला धाप लागू शकते, आणि ओल तशीच राहिल्याने किडे पुन्हा येतात. त्यापेक्षा गळका नळ दुरुस्त करा, भिंतीलगतचे पुठ्ठ्याचे खोके हलवा, दाराखालची फट बुजवा. ओल शोषणारे यंत्र लावून हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली ठेवा. उरलेसुरले किडे चिकट सापळ्यात सापडतील. आणि तळघरात झोपणाऱ्या नातवाला रात्री खोकला येत असेल, तर आधी त्याची छाती तपासून घ्या.