राजपुरीसमोरचा पद्मदुर्ग

सतराव्या शतकात जंजिरा या जलदुर्गावरच्या हबशी सिद्दीचं आरमार कोकणपट्टीवर अचानक उतरे. गावं लुटली जात, घरं पेटत, माणसं धरून नेली जात. शिवाजी महाराजांनी खाडीकाठची दंडा-राजपुरी घेतली होती, पण १६७१ मध्ये शिमग्याच्या रात्री सिद्दींनी छापा घालून ती परत मिळवली. पाण्यातला जंजिरा तर हाती आलाच नव्हता. सुरतेकडून मुघलांची जहाजं सिद्दीच्या मदतीला येत, त्यामुळे त्याला नुसता वेढा घालून उपाशी मारणंही कठीण होतं.

यावर महाराजांनी शोधलेला उपाय धाडसी होता. मुरूडसमोरच्या कासा नावाच्या खडकाळ बेटावर, जंजिऱ्याच्या नाकासमोर, त्यांनी नवा किल्ला उभारायला घेतला. तोच पद्मदुर्ग. मुख्य कोटापासून सुटा असा त्याचा पडकोट आहे आणि त्यातल्या बुरुजाच्या माथ्यावर कमळाच्या पाकळ्या कोरल्यासारख्या दिसतात.

पाण्यातल्या किल्ल्याचं बांधकाम म्हणजे दगड, चुना आणि गवंडी एवढंच, असं आपल्याला वाटतं. खरी कसोटी रसदेची असते. शेतं, बाजार, खजिना, सारं किनाऱ्यावर. मधल्या पाण्यात शत्रूची गलबतं फिरताहेत. धान्य आणि मजुरी वेळेवर पोचली नाही, तर अर्धी भिंत सोडून माणसं परत फिरणार. हे महाराजांना किती नेमकं ठाऊक होतं, ते १६७५ च्या जानेवारीत प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना लिहिलेल्या पत्रातून कळतं. पद्मदुर्गासाठी नेमून दिलेला पैका आणि गल्ला सुभेदाराने पोचवलाच नव्हता. पत्रातला संताप आजही अंगावर येतो. हबशांनी काही देऊन तुम्हाला आपलंसं केलं असेल, असा उघड संशय त्यात आहे आणि ब्राह्मण म्हणून कोणी गय करणार नाही, अशी तंबीही. मला हे पत्र शिवकाळातल्या कुठल्याही लढाईच्या वर्णनाइतकंच मोलाचं वाटतं. एका सुभ्याच्या कचेरीतल्या दिरंगाईने सागरी मोहीम बुडू शकते, हे जाणणारा राजा त्यात बोलतो.

या मोहिमेत कोळ्यांचा वाटाही मोठा. पेशवे मोरोपंत पिंगळे जंजिऱ्यावर चालून गेले तेव्हा कोळ्यांच्या लाय पाटलांनी रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मागून कुमक वेळेवर आली नाही, अशी हकीकत सांगतात. महाराजांनी त्यांना पालखीचा मान दिला. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी कशाला, म्हणून त्यांनी ती नम्रपणे नाकारली, तेव्हा त्यांच्यासाठी ‘पालखी’ नावाचं गलबत बांधवण्यात आलं, असंही या कथेत येतं.

जंजिरा अजिंक्यच राहिला. पद्मदुर्ग पुढे सिद्दीकडे गेला आणि जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

आज पद्मदुर्गाचा तट जवळून पाहिला, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. लाटांचं खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. साडेतीनशे वर्षांत कित्येक दगड असे आत खोल झिजले. त्यांच्यामधला चुना मात्र टिकला, आणि मधाच्या पोळ्याच्या भिंतींसारखा बाहेर उभा राहिला. पर्यटकांची रीघ जंजिऱ्याकडे लागते. या तटाकडे फार थोडे वळतात, याची खंत वाटते. ज्या चुन्याने समुद्राला असं तोंड दिलं, तो कसा मळला, त्यात काय घातलं, याचा बारकाईने अभ्यास व्हायला हवा, आणि तोही हे दगड पुरते झिजून तट ढासळण्याआधी.