किक... किक... आणि पुन्हा किक!

सकाळचे नऊ. द्वारका चौकात मुंबई-आग्रा रोड आणि पुणे रोड, दोन्हीकडची ट्रॅफिक नेहमीप्रमाणे एकमेकांच्या अंगावर आलेली. वर फ्लायओव्हर, खाली रिक्षा, ट्रक, सिटीलिंकच्या बस... आणि नेमकी अशा वेळी तुमची बुलेट बंद पडते. वडिलांची किंवा आजोबांची, डाव्या पायाला ब्रेक आणि उजव्या पायाला गिअर असलेली. तुम्ही बाजूला घेता, किक मारता. एक, दोन, पाच, दहा. शर्ट घामाने ओला. एव्हाना तीन-चार सल्लागार जमलेले असतात. ‘चोक दे’, ‘चोक काढ’, ‘प्लग गेला’, ‘विकून टाक राव’!

त्या शेवटच्या सल्ल्याची मला भीती वाटते. कारण बऱ्याच जुन्या गाड्यांची गोष्ट तिथेच संपते. ‘स्टार्ट होत नाही’ म्हणून आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग ओरिजिनल कार्ब्युरेटर काढून नवा बसवतात. तरी नाहीच. मग कुणीतरी इंजिन खोलतं. खोललेलं इंजिन पोत्यात, गाडी ताडपत्रीखाली आणि दोन पावसाळ्यांनी भंगारवाला दारात. मूळ दुखणं मात्र कित्येकदा पाच मिनिटांत सापडणारं असतं. मेकॅनिक व्हायची गरज नाही बॉस, तपासायचा क्रम तेवढा माहीत हवा.

आधी किक शिका!

बुलेट आपल्याकडे आली ती पन्नासच्या दशकात. इंग्लंडच्या रेडिच गावातली रॉयल एनफिल्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया काढली. त्या घराण्यातलं ३४६ सीसीचं कास्ट आयर्न इंजिन नंतर कित्येक वर्षं जवळपास त्याच रूपात बनत राहिलं. त्यामुळे तुमची गाडी १९६८ ची असो की १९९८ ची, स्टार्ट करायचा फंडा बराचसा सारखाच. आणि तो ताकदीचा फंडा नाही! जिममध्ये जाणारा मित्र दमतो आणि पन्नास किलोचे काका एका किकमध्ये गाडी चालू करतात, ते उगीच नाही.

पेट्रोलचा कॉक उघडा. इंजिन थंड असेल तर चोक द्या. चावी बंद ठेवूनच दोन-तीन किक हळू मारा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल खेचलं जातं. आता चावी चालू. हँडलजवळ अॅमीटरची छोटी सुई आहे ना, तिच्यावर नजर ठेवा आणि किक पायाने हळूहळू दाबत न्या. सुई डावीकडे झुकेल, आणि एका जागी किक कडक लागेल. तिथे जोर करू नका. क्लचच्या खालचा छोटा डिकम्प्रेसर लिव्हर ओढा आणि किक किंचित पुढे ढकला. सुई मध्यावर आली की थांबा. लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या. आता एकच लांब, सलग किक. अॅक्सिलरेटरला हात नाही!

यामागचं लॉजिक भारी आहे. फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये कम्प्रेशन क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा येतं. पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाच्या जरासा पुढे नेऊन ठेवला, की पुढच्या कम्प्रेशनपर्यंत जड फ्लायव्हीलला जवळजवळ दोन फेऱ्यांची धाव मिळते. पिस्टन टोकाच्या अलीकडेच राहिला तर तुमचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो. वर किक उलटी मारते ती वेगळीच. (चपलेवर बुलेटला किक मारणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. घोटा आपला आहे, सांभाळा.)

प्लग काय म्हणतो?

व्यवस्थित मारलेल्या सात-आठ किकनंतरही गाडी गप्प असेल तर आता किक बंद. प्लग पाना घ्या, प्लग काढा आणि नीट बघा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर पोचतच नाहीये. टाकीत आहे का, हा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका. मग कॉक, त्याची जाळी, पाइप, कार्ब्युरेटरच्या वाटीतला कचरा. एक गंमत टाकीच्या झाकणाचीही आहे. त्याचं हवेचं बारीक भोक बुजलं, की गाडी मस्त स्टार्ट होते, दोन-तीन किलोमीटर जाते आणि मरते. अशा वेळी झाकण उघडून बघा. ‘फुस्स’ आवाज येऊन गाडी चालू झाली तर चोर सापडला.

प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल आहे पण एकतर ठिणगी नाही किंवा तुम्हीच चोक देऊन देऊन इंजिन बुडवलंय. कॉक बंद, चोक बंद, चावी बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि प्लग काढलेल्या अवस्थेत पाच-सहा किक मारा. जादा पेट्रोल निघून जाईल. प्लग पुसून बसवा. प्लगवर काळी काजळी असेल तर गाडी बरेच दिवस जास्त पेट्रोल पितेय किंवा चोक अर्धवट अडकलाय.

आता ठिणगी. प्लग कॅपमध्ये खोचा, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते! चावी चालू करून किक मारा. निळी, कडक ठिणगी दिसली तर इग्निशनला मोकळं सोडा. पिवळी, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही, तर पुढे चला.

इथे पुन्हा तीच अॅमीटरची सुई कामाला येते, आणि हे बऱ्याच बुलेटवाल्यांनाही माहीत नसतं. पॉइंटवाल्या बुलेटमध्ये ठिणगीसाठी करंट बॅटरीतून येतो. चावी चालू करून किक हळू फिरवली की पॉइंट मिटतात तेव्हा सुई डावीकडे जाते, उघडतात तेव्हा परत मध्यावर येते. सुई हलतच नसेल तर कॉइल बदलून काही होणार नाही. बॅटरी, फ्यूज, एखादी सुटलेली वायर नाहीतर पॉइंटवरची घाण. हॉर्न दाबून बघा. तो रडका वाजला तर बॅटरीच झोपलीय. सुई नाचतेय पण ठिणगी नाही, तर मात्र कंडेन्सर, कॉइल, प्लगची वायर आणि कॅप संशयित.

पॉइंट साफ करायला फार काही लागत नाही. बारीक पॉलिशपेपरचा हलका हात आणि शेवटी दोन पॉइंटच्या मधून कोरं व्हिजिटिंग कार्ड ओढायचं. ऑफिसात पडून असलेल्या कार्डांचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही! पॉइंट पूर्ण उघडे असताना मधली फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. त्यासाठी फीलर गेज मिळतो. अंदाजपंचे नको, कारण ही फट बदलली की टायमिंगही बदलतं.

थंड असताना सही चालते आणि गरम झाल्यावर मरते, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, असं असेल तर पहिला संशय कंडेन्सर किंवा कॉइलवर. दुसरा टॅपेटवर. टॅपेट टाइट असले की गरम इंजिनमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कम्प्रेशन निसटतं. डिकम्प्रेसरची केबल जास्त ताणलेली असेल तरी तेच होतं. किक लोण्यासारखी खाली जाते, इंजिन बिचारं ठणठणीत असतं आणि लोक रिंग-पिस्टनचं एस्टिमेट घेऊन बसतात.

जावा-येझदीवाल्यांनो...

तुमचा मामला वेगळा. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जावा बनवली, १९७३ पासून येझदी नावाने, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. गिअरचा दांडा आत दाबून फिरवला की तोच किक होतो, हे बघून नवखा माणूस आजही चक्रावतो. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. उभ्या गाडीचा कॉक उघडा राहिला तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरू शकतं, म्हणून घरी आलं की कॉक बंद, ही सवयच लावा. वर्षानुवर्षं न उघडलेल्या सायलेन्सरमध्ये कार्बन साचून गाडी गुदमरते, तेही एकदा बघून घ्या. प्लग, पेट्रोल, पॉइंट साफ असूनही रुसत असेल तर क्रँकचे ऑइल सील तपासायला सांगा. हे काम मात्र घरच्या पार्किंगमधलं नाही.

पंपावरचा नवा पाहुणा

आता एक भानगड अशी, जी आजोबांच्या वेळी नव्हती. ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसू शकतं, मग गंज आणि कार्ब्युरेटरमध्ये चिखल. जुने रबरी पाइप, वॉशर आणि सील या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. ते फुगतात, नाहीतर कडक होऊन चिरतात. नाशिकच्या पावसाळ्यात चार महिने गाडी झाकून ठेवणार असाल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्ब्युरेटर रिकामा होतो. पाइप इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. आणि जमलं तर झाकूनच ठेवू नका. रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर मारली तरी बॅटरी चार्ज होते आणि पेट्रोल फिरतं.

एवढं करूनही गाडी गॅरेजला न्यावी लागली, तर मिस्त्रीला ‘स्टार्ट होत नाही, बघा’ एवढंच सांगू नका. प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी कुठल्या रंगाची, सुई हलते का, थंड असताना त्रास की गरम झाल्यावर, हे सांगा. निघालेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, अगदी ‘खराब झालाय’ म्हणाले तरी. आणि नवे पॉइंट बसवलेच, तर जुने पुसून टूलबॉक्समध्ये ठेवा. डुप्लिकेट सेट कधी दगा देईल सांगता येत नाही.

हो, आरसीची तारीखही बघून ठेवा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं आणि आरटीओच्या तपासणीला गाडी चालू अवस्थेत न्यावी लागते!