कर्ण्याची किंमत

“ह्येचे किती गावतले रे?”

दोडामार्गाच्या बाजूला कुणाच्या माळ्यावरून कर्ण्याचा ग्रामोफोन खाली उतरला, की पहिला प्रश्न हाच येतो. गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर असल्यामुळे जुनी समई, जुनी पेटी यांना पलीकडे गिऱ्हाईक मिळते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मला हा प्रश्न एका काकींनी विचारला. गोणपाटात गुंडाळलेला कर्णा ओट्यावर ठेवून त्या शेजारी बसल्या होत्या. तो कर्णा चिंचेने घासून लख्ख करायचा त्यांचा बेत होता. मी आधी तेवढा थांबवला.

जुनी माणसे या यंत्राला ‘फोनो’ म्हणतात. शब्द खरा एडिसनच्या यंत्राचा. १८७७ साली त्याने कथलाच्या वर्खावर आवाज कोरला. पुढे त्या जागी मेणाची नळकांडी आली. चपटी तबकडी १८८७ मध्ये एमिल बर्लिनर याने आणली आणि तिच्या यंत्राला ग्रामोफोन म्हटले. नळकांड्याचा फोनोग्राफ आपल्याकडे क्वचितच सापडतो. कोकणातल्या माळ्यावर मिळतो तो बहुधा तबकडीवाला ग्रामोफोनच.

या यंत्रात वीज कुठेच नाही. चावी दिली की डब्यातली पोलादी कमान गुंडाळली जाते आणि उलगडताना तबकडी फिरवते. खोबणीतून धावणारी सुई साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या पडद्याला थरथरवते. ही थरथर इतकी बारीक असते की नुसती ऐकूही येणार नाही. तोंडाशी अरुंद आणि पुढे फाकत गेलेला कर्णा तीच थरथर खोलीभरच्या हवेत पोचवतो. म्हणजे कर्णा शोभेचा नाही, यंत्राचा गळा आहे. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने ‘व्हिक्ट्रोला’त तो पेटीच्या पोटात लपवला. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, हातात नेता येणारे पेटीचे ग्रामोफोनही पसरले, आणि बाहेर डोकावणारा कर्णा मागे पडत गेला. त्याचा काळ थोडा, म्हणून अस्सल नग थोडे.

मागणी मात्र आजही आहे आणि तिथेच नकलांना वाव मिळतो. आपल्या देशात जोडलेले नकली ‘अँटिक’ ग्रामोफोन जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. त्यात पितळेचा चकचकीत कर्णा, कोवळ्या लाकडाची अष्टकोनी पेटी, तिच्यावर ग्रामोफोन कंपनीच्या खुणेतल्या कुत्र्याचे कोरे चित्र आणि आत एखाद्या हातात नेण्याच्या ग्रामोफोनची काढून बसवलेली मोटर असते. दिवाणखान्यात ते छान दिसते, पण त्याला शंभर वर्षांचा दाम देऊ नये.

काकींचे यंत्र आम्ही ओट्यावरच उघडले. पाहण्याची रीत सोपी आहे, कुणालाही जमेल. आधी स्क्रू पाहावेत. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले. ते मूळ जोडणीत दिसले, तर यंत्र १९१० चे असू शकत नाही. इथे सगळ्या खाचा सरळ होत्या. मग कर्णा. तो पत्र्याचा होता, पाकळ्यांच्या शिवणी जागच्या जागी, काळ्या रंगाखाली गंजाचे दोन डाग. हाच कर्णा काकी चिंचेने घासायला निघाल्या होत्या. मूळ रंग गेला की अर्धे मोल गेले. गंज वाढू नये म्हणून कोरड्या फडक्याने पुसावा, इतके पुरे.

मग फळी उचलून मोटर पाहिली. फिरत्या दांड्यावर तीन छोटी वजने असतात, तोच वेगाचा लगाम. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात आणि त्यांच्याबरोबर सरकणारी चकती नमद्याच्या तुकड्याला घासून वेग आवरते. नमदा सुकला होता, त्यावर तेलाचा थेंब दिला. तबकडीच्या कडेला कागदाचा चिटोरा खोचून घड्याळ लावले आणि मिनिटाचे फेरे मोजले. अठ्ठ्याहत्तर हवेत, चौऱ्याहत्तर भरले. वेगाचा खटका किंचित फिरवताच आकडा जुळला. साउंडबॉक्समधले रबर मात्र दगड झाले होते, त्यामुळे आवाज फाटत होता. रबर बदलता येते. अभ्रकाचा पडदा अखंड होता, ही मोठी गोष्ट.

सुयांची डबीही निघाली. जुना दंडक असा, की एका बाजूला एक सुई. तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी असते, ती सुईला घासून खोबणीच्या मापाची करते. तीच सुई पुन्हा लावली की खोबण खरवडली जाते. पै-पैशाची काटकसर करणाऱ्या घरांतल्या किती तबकड्या अशाने गेल्या असतील!

आता तबकड्या. माझ्या मते खरे धन तिथे आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. लेबलावर पंख असलेला देवदूत असेल तर तबकडी जुनी. कुत्रा १९०९ नंतरचा. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक उतरवून घ्यावा. तबकडीचा जन्मदाखला तोच.

या मातीचा त्या आवाजांशी संबंध जवळचा आहे. रामकृष्णबुवा वझे १८७१ साली सावंतवाडी संस्थानात जन्मले. दोडामार्गाचा मुलूखही त्याच संस्थानातला. दारिद्र्यातून बाहेर पडून त्यांनी ग्वाल्हेरची तालीम मिळवली, ‘रणदुंदुभी’, ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांना चाली दिल्या, आणि त्यांचा आवाज तबकड्यांवर उरला. हद्दीपलीकडे डिचोलीजवळच्या लामगावला ते येत, तेव्हा केसरबाई केरकर त्यांच्याकडे शिकल्या. पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीने त्या सूरश्री झाल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. तबकडीबरोबर सुईही पाठवली आहे आणि ती कशी लावावी याची खूण वर कोरली आहे. ओट्यावर आम्ही जे करत होतो, तेच करायला विश्वाला सांगितले आहे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. तासभर राग मांडणाऱ्या बुवांना तेवढ्यात सगळे सांगावे लागे. वाळवी, बुरशी आणि आपला चार महिन्यांचा पाऊस यांतून ती तीन मिनिटे वाचली, तर त्यांना बाजारभाव कसला लावणार? तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, नाहीतर वाकतात. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसाव्यात. लेबल भिजवू नये आणि स्पिरिट तर लावूच नये, लाख त्यात विरघळते.

विकायचेच असेल तर एक कायदाही ध्यानात ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. गोव्यात आलेल्या पाहुण्याने जास्त दाम देऊ केला, तरी हे त्याला सांगावे.

काकींना मी आकडा सांगितला नाही. अस्सल आहे, मूळ रंगात आहे, चालते आहे, एवढे सांगितले. या तिन्हींवर भाव ठरतो. मग रबराचा तात्पुरता तुकडा बसवून एक नाट्यपद लावले. खरखरीतून आवाज वर आला, तशा काकी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “सासरे लावीत हे.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “ऱ्हवांदे. विकूचो नाय.”

तुमच्या माळ्यावर असे काही असेल, तर घासण्याआधी आणि विकण्याआधी दोन कामे करा. यंत्र कुणी, कधी, कुठून आणले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा, आणि तबकड्यांची क्रमांकांसह यादी करा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था अशा तबकड्यांचा मागोवा घेते आहे. यादी अशा जाणत्यांपर्यंत पोचू द्या. तुमच्या घरातली एखादी तबकडी तिच्या गाण्याची शेवटची प्रत असू शकते.