फिलर घेण्यापूर्वी धमनी पाहा

सुरकुत्या भरण्यासाठी किंवा ओठ-नाक उठावदार करण्यासाठी ‘फिलर’ टोचून घेण्याचे लोण मुंबईतून वसई-विरारपर्यंत आले आहे. लग्न ठरले की मुली दवाखान्यात त्याबद्दल विचारतात. हा मेकअप नव्हे, वैद्यकीय उपचार आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

फिलर म्हणजे बहुधा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडची जेल. ती धमनीत गेली तर रक्तपुरवठा तुंबतो व त्वचा काळी पडून झडू शकते. नाक व भुवयांमधली जागा विशेष धोक्याची. तेथील धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. जेल तिकडे सरकल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

धमन्यांची वाट प्रत्येक चेहऱ्यात थोडी वेगळी असते. डॉपलर सोनोग्राफीत वाहते रक्त रंगीत दिसते. त्यामुळे धमनी कोठे व किती खोल आहे, हे टोचण्यापूर्वीच कळते. याने धोका कमी होतो, संपत नाही.

म्हणून ब्युटी पार्लरमध्ये फिलर घेऊ नये. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जावे. सोनोग्राफीची सोय आहे का, जेल विरघळवणारे हायल्युरोनिडेज इंजेक्शन हाताशी आहे का, हे विचारावे. वांद्र्याला टोचून घेऊन लगेच विरार लोकल पकडू नये. थोडा वेळ तेथेच थांबावे.

तीव्र वेदना, त्वचा पांढरी किंवा निळसर जाळीदार दिसणे, नजर अंधुक होणे, यांपैकी काहीही झाले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. ताबडतोब डॉक्टर गाठावा. डोळा वाचवायला जेमतेम तास-दीड तास मिळतो.