‘त्याले का लागते जी!’

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, मूल-सावलीपासून वडसा-आरमोरीपर्यंत, ज्या ज्या घरात एखाद्या तरुणाने हौसेने आणलेले आणि हौस फिटल्यावर विसरलेले कासव मोरीजवळच्या प्लास्टिकच्या टबात पडलेले असते, त्या त्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘त्याले का लागते जी! ते तं महिना महिना खात नाही, तरी जगते.’ हे उद्गार काढणारा बहुधा त्या कासवाचा मालक, म्हणजे आपलाच भाचा किंवा पुतण्या असतो. त्याला दुजोरा देणारी मंडळी मात्र वयाने आणि अनुभवाने वडीलधारी असतात, आणि खरी पंचाईत तेथेच होते. पोराचे अज्ञान एखाद्या संध्याकाळी समजुतीने दूर करता येते. परंतु त्या अज्ञानाला घरातील ज्येष्ठांचा दाखला मिळाला की टबातल्या प्राण्याची फिर्याद ऐकून घ्यायला कोणीच उरत नाही.

हा समज निव्वळ थाप असता तर त्याचा निकाल चटकन लागला असता. पण त्याच्या मुळाशी याच भूमीतले एक खरे निरीक्षण आहे. हा धानाचा मुलूख. येथे मालगुजारांच्या अमदानीतले तलाव आहेत आणि शेताशेतांतून बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव मात्र राहिले, आणि त्या तलावांत मऊ पाठीचे कासव राहिले, ज्याच्या पाठीवर कठीण खवल्यांऐवजी गुळगुळीत कातडे असते आणि ज्याचे नाक नळीसारखे पुढे आलेले असते. वैशाखात बोडी आटू लागली की हे कासव चिखलात खोल शिरते आणि मृगाच्या पावसापर्यंत अन्नपाण्यावाचून निपचित पडून राहते. ढिवरांना आणि गाळ उपसणाऱ्या मजुरांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि त्यांच्या माहितीत तसूभरही चूक नाही.

चूक होते ती चिखलातल्या कासवाचा न्याय टबातल्या कासवाला लावताना. चिखलात शिरणाऱ्या कासवाने पावसाळाभर मासे, गोगलगायी, बेडूक आणि पाणवनस्पती खाऊन अंगात चरबीचा साठा केलेला असतो; भोवती काळोख, ओल आणि स्तब्धता असते; त्याची हालचाल थांबते आणि शरीराचा खर्चही त्याच मानाने उतरतो. टबातले कासव मात्र उजेडात आणि उबेत जागे असते, दिवसभर निसरड्या भिंतीवर पाय मारीत असते, आणि साठा म्हणाल तर त्याच्याजवळ काहीच नसते. शिवाय ते बहुतेक वेळा या मातीतले कासवच नसते. दुकानातून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे असे जे हिरवे पिल्लू विकले जाते, ते डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले, अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले लाल कानाचे कासव होय. सिंदेवाहीच्या बोडीतील कासवाचे गुण त्याच्या अंगी यावेत अशी अपेक्षा करण्यास कोणताही आधार नाही.

तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने सरपटणाऱ्या प्राण्याला अन्न फार थोडे पुरते, कारण अंग उबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही, हे शाळेतल्या पुस्तकातही आहे. परंतु थोडे लागणे म्हणजे काहीच न लागणे नव्हे. कुत्र्याची उपासमार झाली तर ते केकाटते, शेजारी तक्रार करतात. कासव उपासमारीने मरायलाही कित्येक महिने घेते, आवाज करीत नाही, आणि त्या महिन्यांचीच गणना आपली मंडळी त्याच्या जगण्यात करतात!

अशा कासवाकडे जवळून पाहावे. त्याच्या पापण्या सुजून डोळे मिटलेले असतात, आणि भाचा सांगतो की ते झोपले आहे. वास्तविक नुसते मुरमुरे, भात किंवा डबीतले वाळलेले झिंगे खाऊन त्याला ‘अ’ जीवनसत्त्व मिळालेले नसते. पापण्या सुजल्यामुळे त्याला दिसत नाही, दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि ते खात नाही यावरून त्याला भूक नाही असा निष्कर्ष काढून टाकलेले अन्नही बंद करण्यात येते. पाठीची कड अंगठ्याने हलकेच दाबून पाहावी: वाढलेल्या कासवाचे कवच दबत असेल, तर कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या अभावी त्याची हाडे विरघळू लागली आहेत असे समजावे. ते पाण्यात एका कुशीवर कलून तरंगत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील, तर फुप्फुसांपर्यंत रोग पोचल्याची शक्यता मोठी असते, आणि मग घरगुती उपायांत एक दिवसही दवडू नये.

‘पण ऊन तर मिळतेच की, खिडकीतच ठेवले आहे,’ असे उत्तर मिळते. खिडकीची काच उजेड आत घेते, पण ज्या अतिनील किरणांनी कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते ते जवळजवळ सगळे अडवते. तेव्हा ऊन उघडे हवे. मात्र मे महिन्यात पारा ४७ अंशांवर चढणाऱ्या चंद्रपुरात उथळ टब गच्चीवर ठेवून देणे म्हणजे कासव जिवंत शिजवणे होय. सकाळचे कोवळे ऊन, टबाचा अर्धा भाग सावलीत, पालथे झाल्यास सरळ होता येईल इतके खोल पाणी, आणि अंग संपूर्ण कोरडे करता येईल असा एक दगड, इतकी तरी व्यवस्था पाहिजेच. डिसेंबरातल्या थंडीत उलट पाण्याला ऊब द्यावी लागते. हे कासव घास पाण्यातच गिळते. त्याला बाहेर काढून फरशीवर खाऊ घालणाऱ्यांचा प्रेमळ उद्योग म्हणूनच फुकट जातो.

कळवळा आलेल्या मामा-मावशींकडून घडणारा प्रमादही येथेच सांगितला पाहिजे. उपाशी कासव पाहून ते प्रथम त्याच्यापुढे मटणाचे तुकडे टाकतात. गारठलेल्या, शुष्क झालेल्या शरीरात पचनाचे सामर्थ्य नसते. आधी ऊब, मग स्वच्छ कोमट पाण्यात काही काळ बसवणे, आणि अन्न त्यानंतर, तेही थोडे, असा क्रम आहे. औषधाच्या दुकानातून ‘अ’ जीवनसत्त्वाचे थेंब आणून अंदाजाने पाजणे तर निषिद्धच समजावे. त्याचा अतिरेक अभावाइतकाच घातक असून कातडी सोलून निघण्यापर्यंत मजल जाते. मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

दुसरा समज पुण्यकर्माच्या वेषात येतो: ‘रामाळा तलावात सोडून द्या, सुटेल बिचारे.’ लाल कानाच्या कासवाची गणना जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींत केली जाते, आणि युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ सालीच बंद केली. ते ऊन खाण्याच्या जागा आणि अन्न बळकावून स्थानिक कासवांना हटवते. केरळातील वन संशोधन संस्थेला तर लोकांनी ही कासवे पाण्यात न सोडता आपल्या हवाली करावीत असे आवाहन करावे लागले. चंद्रपूरच्या तलावातून ओढ्याने झरपटीत, तेथून इरईत, वर्धेत आणि पुढे प्राणहितेत जायला त्याला परवाना लागत नाही. आणि आजारी कासव सोडले, तर ते सुटत नाही. फक्त आपल्या नजरेआड मरते.

टबातले कासव मऊ पाठीचे, म्हणजे याच मुलखातले निघाले, तर प्रकरण निराळ्याच दप्तरात जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. ते बाळगणे हा गुन्हा असून शिक्षा किमान ३ वर्षे कैद आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, किमान २५ हजार रुपये दंड अशी आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले कासवही त्याच दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीत आले. असा प्राणी शासनाच्या मालकीचा मानला जातो, आणि तो हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवण्याची मुदत कायद्याने घातली आहे. वनविभागाचा दूरध्वनी १९२६ हा आहे. हेमलकशाला नेऊन देऊ, असेही पुष्कळ जण परस्पर ठरवून टाकतात. तेथील डॉ. प्रकाश आमट्यांचे प्राणी-अनाथालय शिकारीत आई गमावलेल्या पिलांपासून उभे राहिले. आपल्या भाच्याचा कंटाळा तेथे जमा करावा, हा त्याचा हेतू नव्हता.

बाकीच्या समजुतींना एकेक ओळ पुरे. कासव भांड्याएवढेच राहते, हे खोटे. लाल कानाची मादी २५ सेंटिमीटरच्याही पुढे जाते आणि २०-३० वर्षे जगते. कवच निर्जीव असते, हेही खोटे. ते बरगड्या आणि पाठीचा कणा यांचेच बनलेले असते, म्हणून त्याला भोक पाडून दोरी बांधणारा हाडालाच भोक पाडतो. कासव दूध पीत नाही, साप पीत नाही तसेच. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो म्हणणाऱ्यांनी आधी नखे मोजावीत: मऊ पाठीच्या कासवाला पायागणिक तीन, म्हणजे बारा, आणि लाल कानाच्या कासवाला साधारणपणे अठरा असतात. कासवाच्या स्पर्शाने रोग होतो, यात मात्र तथ्य आहे. साल्मोनेला जंतूंमुळे मुले आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. हात साबणाने धुवावेत, आणि टब स्वयंपाकघरात विसळू नये.

आता भाच्याविषयी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम माणसाखेरीज प्रत्येक जिवंत प्राण्याला लागू आहे, आणि पुरेसे अन्न, पाणी व आसरा न देणे हीदेखील त्यात क्रूरताच आहे, हे त्याला एकदा शांतपणे वाचून दाखवावे. मात्र टब चोरून उचलून आणू नये. तसे केल्यास आठवड्याभरात तो नवे पिल्लू घेऊन येतो, हे पुष्कळ घरांत पाहण्यात आले आहे. ‘मी सांभाळतो, मला दे,’ असे सरळ मागितले तर बहुधा तो सुटकेचा निःश्वास टाकूनच देतो, आणि त्याहून मोठा निःश्वास त्याची आई टाकते, कारण आजवर ते पाणी बदलत असेल तर तीच बदलत असते. मागण्यापूर्वी मात्र पुढील वीस वर्षांचा विचार आपण केलेला असावा.

चंद्रपुरात जाणता वैद्य न मिळाल्यास नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय सुमारे १५० किलोमीटरवर आहे. अशक्त कासव पाण्याच्या बादलीत घालून नेऊ नये, ते हिसक्यांनी बुडू शकते. हवा खेळेल अशा डब्यात ओल्या फडक्यावर ठेवून, उन्हाची वेळ टाळून न्यावे. आणि भाच्याला गाडीत शेजारी बसवावे. डॉक्टर प्रथम विचारतील की याने शेवटचे केव्हा खाल्ले, आणि त्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल.