अल्पमोल कॅमेरा आणि खान्देशचे ऊन

वरणगावात आयुधनिर्माणीतील कामगार, शाळेतील शिक्षक आणि केळीबागाईतदार असे निरनिराळ्या पेशांचे लोक हल्ली आपापल्या निमित्ताने छायाचित्रणाकडे वळलेले दिसतात, आणि त्या सर्वांचा प्रश्न एकच असतो: खिशात मोबाइल असताना, चाळीस हजारांच्या आसपास रक्कम मोजून, नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा सर्वांत स्वस्त डिजिटल कॅमेरा घेण्यात शहाणपण आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मेगापिक्सेलच्या आकड्यात शोधण्याची रूढी पडली आहे. माझ्या मते ते उन्हात शोधले पाहिजे. जेथे प्रकाश विपुल आणि समोरचा विषय स्थिर, तेथे हा अल्पमोल कॅमेरा महागड्या कॅमेऱ्याशी जवळजवळ बरोबरी करतो. जेथे प्रकाश क्षीण किंवा विषय चंचल, तेथे तो धन्याची निराशा करतो. आणि पावसाळ्याचे महिने वगळता खान्देशाच्या वाट्याला प्रकाशाची दौलत मुबलक आलेली आहे.

कॅमेरा स्वस्त होतो म्हणजे त्यातील नेमके काय कमी होते, हे आधी पाहू. अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हा त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे व कृष्णधवल होते, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज कॅनन १५००डी सारख्या प्रारंभिक कॅमेऱ्याचे चित्र सुमारे २ कोटी ४० लाख बिंदूंचे असते. सहा इंच बाय चार इंच या नेहमीच्या मापाची छाप सुबक निघण्यास वीस-बावीस लाख बिंदू पुरतात, हे लक्षात घेतले म्हणजे बिंदूंच्या बाबतीत स्वस्त कॅमेरा मुळीच दरिद्री नाही हे कळून येईल. खरे महत्त्व आहे ते प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या क्षेत्रफळाला. या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरोघरी असलेल्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा सुमारे बारा पट मोठा असतो. कंपनीने काटकसर केलेली असते ती इतरत्र: कवच प्लास्टिकचे, धुळीपावसापासून संरक्षण नाही, नजरेपर्यंत दृश्य पोहोचविण्यासाठी काचेच्या घन लोलकाऐवजी आरशांची हलकी रचना, फोकस धरणारे बिंदू केवळ नऊ, सेकंदाला चित्रे तीनच, आणि सोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची सर्वसाधारण लेन्स.

ही लेन्सच या कॅमेऱ्याची खरी मर्यादा होय. ती दूरच्या टोकाला नेली असता तिचे छिद्र एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही; एफ १.८ छिद्राची साधी ५० मिलिमीटरची लेन्स तिच्या जवळजवळ दहा पट प्रकाश आत घेते. हा फरक भर दुपारी जाणवतही नाही, परंतु जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत पाऊल टाकताच त्याची प्रचीती येते. तेथे भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे आणि ती सर्वथा योग्य आहे. अशा मंद प्रकाशात एक तर हात हलून चित्र पुसट होते, नाही तर संवेदनशीलता वाढवावी लागून भित्तिचित्रातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मुखावर रंगीत कणांचा थर चढतो. याच लेण्यांत १८४४ साली रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमला गेला होता. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. त्या काळची ओल्या काचेची प्रक्रिया अशी की, काचेला रसायन लावून ती ओली असेतोच चित्र घ्यावे आणि तत्काळ अंधारात धुवावे. तैलरंगात केलेल्या त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली त्याची छायाचित्रे मात्र, त्यांच्या अनेक प्रती असल्यामुळे, शाबूत राहिली. १८७९ साली तो मरण पावला, आणि त्याचे थडगे वरणगावच्या शेजारी, भुसावळात आहे. अजिंठ्यासाठी आयुष्य वेचलेल्या या माणसाला जे साधन मिळाले असते तर त्याने धन्यता मानली असती, ते आज एका कामगाराच्या महिना-दीड महिन्याच्या पगारात येते, ही गोष्ट मला सामान्य वाटत नाही.

आता उन्हाकडे वळू. मे महिन्यात भुसावळ-वरणगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि त्या प्रखर उजेडात मोबाइलचा पडदा डोळ्यांस दिसेनासा होतो. चौकटीत माणूस आहे की नाही हेही अंदाजानेच ठरवावे लागते. आरशाच्या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहण्याची खिडकी असते, आणि तीतून भर दुपारीही केळीच्या पानाची शीर न् शीर स्पष्ट दिसते. खिडकीतून एकंदर दृश्याचा ९५ टक्के भागच दिसतो, त्यामुळे कडेला नको असलेली तार किंवा खांब चित्रात शिरतो, हे खरे. परंतु कडा नंतर कापता येते. उन्हाचा दुसरा पक्षही सांगितला पाहिजे. या श्रेणीचे बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंश तापमानात वापरण्यासाठी बनविलेले असतात, यास्तव मोटारसायकलच्या डिकीत किंवा बंद गाडीत कॅमेरा ठेवून कामाला निघून जाणे म्हणजे त्याचे आयुष्य जाणूनबुजून तोडणे होय. तसेच काळ्या मातीची बारीक धूळ वाऱ्यावर असताना शेताच्या बांधावर लेन्स बदलू नये. सेन्सरवर बसलेला एक कण आकाशाच्या प्रत्येक चित्रात काळा ठिपका होऊन उमटतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र मोबाइलचाच पक्ष घ्यावा लागतो. वादळाने केळी आडवी झाली, गारपिटीने पाने फाटली, की पीकविम्याच्या दाव्यासाठी नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते, आणि पंचनाम्याच्या कामी छायाचित्रावर स्थळ व वेळ यांची नोंद असली तर मोठा आधार होतो. स्थळनोंदीची सोय चालू असली की ही नोंद मोबाइल आपण होऊन करतो. स्वस्त कॅमेऱ्यांत स्थळदर्शक यंत्रणा बहुधा नसतेच. केवळ दस्तऐवज म्हणून छायाचित्र हवे असणाऱ्याने कॅमेऱ्यावर एक रुपयाही खर्चू नये, असे मी निःशंकपणे सांगेन. लोकांनी हे ओळखले आहेच: जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात रवाना झाले, आणि २०२३ साली ८० लाखही नाहीत.

मग कॅमेरा घ्यावा कोणी? ज्याला पाहण्याची विद्या शिकावयाची आहे त्याने. मोबाइल अनेक चित्रे एकत्र करून, छाया उजळून, आकाश गडद करून, आपल्या वतीने सर्व निर्णय घेऊन टाकतो. कॅमेऱ्यावरची चक्री फिरवून छिद्र, वेग आणि संवेदनशीलता ही तिन्ही स्वहस्ते ठरविता येतात, आणि एक वाढविली की दुसरी घटवावी लागते हा जमाखर्च बोटांच्या अंगवळणी पडतो. मागच्या पिढीत ज्यांनी आग्फा क्लिक थ्री वापरला त्यांना फिल्मच्या एका रोळावर बाराच चित्रे मिळत, आणि ती धुऊन येईपर्यंत आपले काय चुकले ते उमगत नसे. आता शंभर चित्रे बिघडविण्याचा खर्च शून्य आहे, आणि बिघाडाचे कारण तत्क्षणी मागच्या पडद्यावर दिसते. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठे दान कोणते?

या बाबतीत खान्देशाजवळ स्वतःचा आदर्श आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी दशकानुदशके आपल्या घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. मेजावर लहानसहान वस्तूंची मांडणी करून, त्यांवर योजनापूर्वक प्रकाश सोडून, विस्तीर्ण निसर्गदृश्याचा आभास निर्माण करणारे टेबल-टॉप छायाचित्रण ही त्यांची खासियत होती. चाळीसगाव स्थानकाजवळच्या त्यांच्या वास्तूत त्यांची चित्रे आजही पाहावयास मिळतात, आणि वरणगावहून भुसावळमार्गे रेल्वेने तेथे जाऊन येणे एका दिवसाचे काम आहे. कॅमेरा विकत घेण्याआधी प्रत्येक नवशिक्याने ती वारी करावी, असा माझा आग्रह आहे. स्थिर वस्तू, तिपाई, खिडकीतून येणारा उजेड आणि धीर एवढी सामग्री जवळ असली, तर सर्वांत स्वस्त कॅमेराही त्या पद्धतीचे काम निर्वेधपणे करू शकतो, कारण तिपाईवर कॅमेरा ठेवून शटर दोन सेकंद उघडे राहिले तरी काही बिघडत नाही.

चंचल विषयाची गोष्ट वेगळी. वरणगावनजीक तापीवर हतनूरचे धरण आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि पक्षी-अधिवास म्हणून त्या जलाशयाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मानले जाते. सोबतच्या ५५ मिलिमीटरच्या लेन्समधून तेथील बदक तिळाएवढे दिसते. २५० किंवा ३०० मिलिमीटरची स्वस्त लेन्स जोडली तर पाण्यावर बसलेला पक्षी चांगला येतो. उडताना तो टिपण्यास मात्र नऊ बिंदू आणि सेकंदाला तीन चित्रे अपुरी पडतात. येथे एक चमत्कारिक न्याय आहे: लहान सेन्सरचा, पण दूरवर पोहोचणारी लेन्स अंगभूतच असलेला कॅमेरा, जो लग्नाच्या मांडवातील मंद उजेडात निकामी ठरतो, तोच हतनूरच्या काठी हिवाळ्यातील सकाळच्या स्वच्छ उन्हात अधिक उपयोगी पडतो, कारण सेन्सर लहान असल्यामुळेच लहानशा लेन्सला इतका दूरचा पल्ला गाठता येतो.

लग्नाच्या कामासाठी हा कॅमेरा घेणाऱ्या तरुणांना मी कळकळीने थांबवीन. रात्रीच्या हळदीत, नाचत्या वरातीत, रंग बदलणाऱ्या दिव्यांखाली त्याची फोकसची गती कमी पडते, हे एक. त्याहून गंभीर म्हणजे त्यात मेमरी कार्डाचा कप्पा एकच असतो. ते कार्ड बिघडले की एका कुटुंबाचा पुन्हा कधीही न येणारा दिवस नाहीसा होतो. दोन कार्डांवर एकाच वेळी चित्र उतरविणारा कॅमेरा जवळ येईपर्यंत मोबदला घेऊन लग्न स्वीकारू नये. अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखाली दुय्यम कॅमेरा म्हणून तो खुशाल न्यावा. आणि वरणगावकरांना वेगळे सांगावयास नको, तरी सांगतो की आयुधनिर्माणीचा परिसर निषिद्ध क्षेत्र आहे. कुंपणावरच्या सुंदर पक्ष्यासाठीसुद्धा तिकडे कॅमेरा रोखू नये.

खरेदीची माझी तजवीज अशी. नवा कॅमेरा घेण्याऐवजी जुना, सुस्थितीतला घ्यावा. शटर किती वेळा उघडले आहे त्याचा आकडा विचारावा, लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना ते पाहावे, आणि निकॉनच्या डी ३००० मालिकेतील कॅमेरा असेल तर त्याच्या अंगात फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्समध्ये ती आहे याची खात्री करावी. वाचलेल्या रकमेतून पहिली खरेदी ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्सची, दुसरी जड, न हलणाऱ्या तिपाईची. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. आणि चित्रे केवळ कार्डावर किंवा एकाच संगणकावर न ठेवता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून, त्यांतली एक दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे ठेवावी, आणि वर्षातून एकदा निवडक वीस-पंचवीस चित्रांच्या छापा काढून त्यांच्या पाठीवर गाव, तारीख आणि माणसांची नावे पेन्सिलीने लिहावी.