पळणं थांबवायचे तीन आठवडे

दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मानेभंज्यांगहून निघायचं आणि पाच दिवसांत शंभर मैल पळून तिथंच परत यायचं. पहिल्या दिवशी 38 किलोमीटर, तेही चढून संदकफूला, 3,636 मीटर उंचीवर. दुसऱ्या दिवशी फालुटच्या वाटेनं जाऊन-येऊन 32. तिसऱ्या दिवशी पुरी मॅरेथॉन, शेवट रिंबिक गावात. मग 21, मग 27. ही स्पर्धा 1991 साली सुरू झाली. आपलं कळसूबाई 1,646 मीटर; मानेभंज्यांग, म्हणजे सुरुवातीची रेघच, त्याच्यापेक्षा उंच आहे. आणि मी राहते मुरुमला, जिथं डोंगर म्हणावा असं काही नाही.

जूनपासूनची तयारी त्यामुळे मिळेल तशी झाली. शाळेआधी पहाटे उसाच्या फडांमधल्या गाडीवाटेनं. पाऊस पडला की काळं रान बुटाला असं धरतं की प्रत्येक पायात किलोभर माती. व्यायाम म्हणून ते वाईट नाही. शनिवारी लांब पळायचं आणि पाय दुखत असतानाच रविवारी पुन्हा लांब, कारण अनेक दिवसांच्या शर्यतीत खरी परीक्षा थकलेल्या पायांची असते. चढासाठी नळदुर्ग. किल्ल्यातल्या उपळ्या बुरुजावर वर-खाली करताना सहलीची पोरं मोजत बसायची. पळता पळता खायचीही सवय लावली: राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, मीठ घातलेलं लिंबूपाणी. पोटाला आधी शिकवलं नाही तर ऐन शर्यतीत ते उलटतं.

हे सगळं आता संपलं. उरलेत ते तीन आठवडे, ज्याला पळणारे टेपरिंग म्हणतात, म्हणजे सराव उतरवत नेणं. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. आतापर्यंत शरीर रोज थोडं मोडत होतं आणि झोपेत थोडं दुरुस्त होत होतं. दुरुस्ती कायम मागे पडत होती. स्नायूंची बारीक इजा भरून यायला, साखरेचा साठा पुरा व्हायला, रक्त सावरायला सवड लागते. 2007 साली संशोधक लॉराँ बॉस्के आणि सहकाऱ्यांनी टेपरिंगवरच्या अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला. निघालं ते असं: साधारण दोन आठवडे अंतर 41 ते 60 टक्क्यांनी कमी करावं, मात्र वेग आणि आठवड्यातले पळण्याचे दिवस तेच ठेवावेत. म्हणजे खाटेवर पडून राहायचं नाही. पळायचं, पण निम्मं. मध्येच थोडं जोरात.

वजन वाढतं, याची धास्ती नको. स्नायूत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे त्या साखरेच्या साठ्याबरोबर, अंदाजे तीन ग्रॅम पाणी राहतं. काट्यावरचा तो किलोभर म्हणजे सोबत न्यायची शिदोरीच. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग चकल्या कशाला मोजून खातीस?" दिवाळी नेमकी याच काळात आलीय, त्याला कोण काय करणार.

उतार मात्र वेगळा विषय आहे. चढताना दम लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच जोर लावतो आणि त्याचे तंतू दुखावतात. ठणका तिथल्या तिथं कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. संदकफूहून रिंबिकला तेराशेच्या आसपास मीटर उतरायचं, आणि तो दिवस नेमका तिसरा! यावर उपाय एकच: आधी एकदा उतारावर जोरात पळून ते दुखणं सोसून घ्यायचं. स्नायू धडा घेतो आणि तो काही आठवडे विसरत नाही. फार आधी केलं तर विसरतो, फार उशिरा केलं तर दुखरे पाय घेऊन जावं लागतं. म्हणून माझा शेवटचा उतार तुळजापूरच्या घाटात, कोजागिरीच्या तोंडावर झाला. सोलापूरचा रस्ता वाहनांना बंद, तुळजाभवानीच्या दर्शनाला चालत निघालेल्यांनी भरलेला. सगळे अनवाणी वर चढताहेत आणि मी एकटी खाली पळतेय. एका आजीनं हात धरून थांबवलं. "बाई, आई तिकडं वर हाय. तू कुठं निघालीस?"

उंचीची तयारी मात्र इथं होऊच शकत नाही. संदकफूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या जरा खाली असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात आणि त्या काही मुरुममध्ये वाढायच्या नाहीत. दोन-तीन दिवस आधी दार्जिलिंगला पोचायचं, पहिल्या चढावर लाज न बाळगता चालायचं, डोकं दुखलं तर बरोबरच्यांना लगेच सांगायचं, एवढंच हातात आहे.

गावाला मात्र हे सराव उतरवणं पटत नाही. एरवी "कशाला पळता?" विचारणारे आता "का पळत नाही?" विचारतात. शेजारचे काका तर औषधाच्या गोळ्या घेऊन आले. शिवाय अंगात एक खोटं दुखणं शिरतं. कधी गुडघा, कधी टाच. सराव कमी झाला की मनाला वेळ मिळतो आणि ते शरीर चाचपत बसतं. परवा टाच दुखली म्हणून मी दिवसभर लंगडत शिकवलं. संध्याकाळी सोयाबीनच्या राशीवर मदतीला गेले आणि टाच कुठली ते आठवलंच नाही. पण तिथंही जाऊबाईंनी घमेलं हातातून काढून घेतलं. कंबर धरली तर पाच महिने फुकट, हे घरात आता सगळ्यांना पाठ झालंय.

नखं पाच दिवस आधी कापायची आहेत, निघताना नाही. बूट जुनेच नेणार. नवे घ्यायचा मोह दिवाळीच्या बाजारात झाला होता, तो सोलापूरलाच सोडून आले.